चार पडद्यांचा एक माऊस

बसस्थानकात त्यांना उंदीरमामा म्हणायचे. त्यात अपमान नव्हता. वरच्या मजल्यावरच्या खोलीत ओळीनं मांडलेले चार संगणक मामा एकाच माऊसनं आणि एकाच कीबोर्डनं चालवत, आणि असलं काही करून दाखवणाऱ्या माणसाला बढती देण्यापेक्षा टोपणनाव देणं खात्याला केव्हाही सोयीचं होतं.

पहिल्या संगणकावर येणाऱ्या गाड्यांचा फलक चाले, दुसऱ्यावर सुटणाऱ्या गाड्यांचा. तिसऱ्यावरून त्या दोन्ही फलकांच्या खालची लांबलचक सूचनापट्टी चाले, जिच्यावर लाल अक्षरं उजवीकडून डावीकडे सरकत राहत. चौथा कार्यालयीन कामासाठी होता, म्हणजे त्यावर काम नव्हतं. चारही संगणकांत विंडोजऐवजी लिनक्स होतं, कारण ते फुकट मिळतं. मुख्य कार्यालयाला लिनक्सबद्दल एवढीच माहिती होती आणि तेवढी त्यांना पुरेशी वाटत होती.

पूर्वी चारांना चार कीबोर्ड होते आणि चारांपुढे तीन माणसं. मग एका कीबोर्डावर चहा सांडला. दुसऱ्याची स्पेसची पट्टी बसली आणि गाड्यांची नावं एकमेकांना चिकटून यायला लागली. तिसऱ्यानं नुसताच प्राण सोडला. नवे मागवल्यावर वरून उत्तर आलं की उपलब्ध साधनांत भागवावे. मामांनी ते अक्षरशः मनावर घेतलं. त्यांनी कुठूनसा एक छोटा प्रोग्राम शोधून चारही संगणकांत घातला आणि कोणाच्या उजवीकडे कोण बसलंय हे प्रत्येकाला सांगून टाकलं. झालं. आता बाण पहिल्या पडद्याच्या उजव्या कडेला नेला की तिथे अडत नसे. तो दुसऱ्याच्या डाव्या कडेतून बाहेर यायचा, तिथून तिसऱ्यात, तिथून चौथ्यात. मध्ये भिंत नाहीच जणू. आणि बाण जिथे, तिथे कीबोर्ड.

पहिले काही दिवस लोक बघायला येत होते. ड्रायव्हर, वाहक, उपाहारगृहाचा मालक. मामा खुर्चीतून न हलता बाण या टोकाहून त्या टोकाला पळवत आणि बघणारे "आयला!" म्हणत. मग साहेब आले. त्यांनीही पाहिलं, पण बाणाकडे नाही. ते दोन रिकाम्या खुर्च्यांकडे बघत होते, कारण खुर्च्यांतली माणसं उठून मामांच्या मागे गंमत बघत उभी होती.

"म्हणजे एका माणसानं होतं," साहेब म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

महिन्याभरात एकाची बदली टायरांच्या गोदामात झाली आणि दुसऱ्याला मुदतपूर्व निवृत्तीचे फायदे समजावून सांगण्यात आले. गोदामात गेलेला दाढीवाला आपली खुर्चीवरची उशी काखेत मारून जाताना दारात थांबला.

"मामा, मधली भिंत काढलीत ते झकास केलंत," तो म्हणाला. "फक्त छप्पर तिच्यावर होतं."

त्यानंतर मामा एकटे राहिले. अगदी एकटे नाही, कोपऱ्यातल्या काचेच्या पेटीत मायक्रोफोनपुढे घोषणा करणाऱ्या बाई बसत. पण बाई दिवसभर जगाशी बोलून बोलून इतक्या दमलेल्या असत की माणसाशी बोलायचं त्यांच्या जिवावर यायचं.

छपराचं म्हणाल तर दाढीवाल्याचं खरं व्हायची चिन्हं होती. हल्ली सगळं फोनवर दिसतं, मग हे फलक हवेत कशाला, असा विचार मुख्य कार्यालयात कोणाच्या तरी डोक्यात आला होता आणि त्याची फाइल झाली होती. फलक गेले की खोली जाणार, खोली गेली की मामा जाणार. कुठे, ते फाइलमध्ये नव्हतं. मामांची निवृत्ती दूर होती आणि फलक चालवण्याशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं. टायर त्यांना उचलवलेही नसते. त्यामुळे त्यांचा बेत साधा होता: एकही चूक करायची नाही, कोणाच्या डोळ्यावर यायचं नाही, आणि फाइल विसरली जायची वाट बघायची. विसरणं हे त्या खात्यातलं एकमेव काम होतं जे वेळेवर व्हायचं.

चूक झाली ती एका सवयीमुळे.

मामांना पडद्यावर वाचताना ओळीवरून माऊस फिरवायची खोड होती. लहान मुलं बोट फिरवतात ना, तसं. त्यामुळे वाचलेला मजकूर रंगून जाई. दुसरीकडे कुठे यानं काही बिघडलं नसतं. पण लिनक्सची एक रीत आहे: मजकूर नुसता रंगवला तरी तो ध्यानात ठेवला जातो, आणि माऊसचं मधलं चाक दाबलं की बाण असेल तिथे तो येऊन पडतो. उचल म्हणावं लागत नाही, ठेव म्हणावं लागत नाही. त्यात मामांच्या प्रोग्रामची दुसरी खुबी अशी की बाण एका संगणकातून दुसऱ्यात जाताना हे ओझंही गपचूप बरोबर घेऊन जाई.

आणि चौथ्या संगणकावर मामा जेवणाच्या सुट्टीत साहेबांवर लिहीत असत.

कोणाला दाखवायला नव्हे. कोणी शब्दकोडी सोडवतं, मामा साहेब लिहीत. रोज एखादं वाक्य, तेही घासूनपुसून. त्या दुपारी त्यांनी आधीचं सगळं सवयीप्रमाणे माऊस फिरवत वाचून काढलं, स्वतःशीच हसले, आणि तेवढ्यात डेपोतून फोन आला की गाडी बंद पडली आहे, सूचना टाका. मामांनी बाण तिसऱ्या पडद्यावर नेला, सूचना टंकली, ती नीट आहे ना हे बघायला चाक फिरवलं, बोट जरा जड पडून ते दाबलं गेलं, आणि त्यांनी पडद्याकडे न बघता एंटर मारलं. न बघता, कारण दारात शिपाई उभा होता. साहेबांनी बोलावलं होतं, ताबडतोब.

बैठक वक्तशीरपणावर होती आणि साहेब स्वतः उशिरा आले. ते खुर्चीत रेलून बोलत होते. त्यांच्या पाठीमागे मोठी खिडकी होती, खिडकीबाहेर फलाट, आणि फलाटावर फलकाची मागची बाजू. मामा तिकडे बघत मान डोलवत होते. पुढच्या बाजूनं त्याच वेळी लाल अक्षरं सरकत होती:

"चार नंबरच्या फलाटावरची दुपारची गाडी उशिरा सुटेल, गैरसोयीबद्दल क्षमस्व. आमचे साहेब म्हणजे आतून रंग मारलेली खिडकी. प्रकाश येत नाही, पण खिडकी आहे म्हणून भिंतीचाही उपयोग नाही. ते निर्णय घेतात तेव्हा चेहरा असा करतात की निर्णयच त्यांना कुठेतरी घेऊन चालला आहे आणि त्यांनी तिकीट काढलेलं नाही."

आणखीही होतं. साहेबांच्या चालण्याबद्दल एक परिच्छेद होता. तो संपला की पट्टी पुन्हा क्षमस्वपासून सुरू होई.

मामा परत आले तेव्हा बाई पेटीत बसून नखं बघत होत्या. मामांनी तिसऱ्या पडद्याकडे पाहिलं आणि काय झालंय ते त्यांना कळलं. त्यांनी पट्टी पुसली. मग ती पुसली गेली आहे का हे बघायला धडधडत खाली गेले, वर आले, पुन्हा खाली गेले.

"काय हो मामा, पोट बिघडलं का?" बाईंनी विचारलं.

"नाही. बाई, खाली... खाली काही बोलत होते का लोक?"

"काय बोलणार? कोणाची तरी पिशवी मारली म्हणे फलाटावर. तेवढंच."

"पट्टीबद्दल काही?"

"कसली पट्टी?"

मामांनी बाईंकडे नीट पाहिलं. बाईंच्या पेटीतून तिसरा पडदा समोर दिसायचा, त्यावरची पट्टी वाचायची म्हटलं तर चष्म्याशिवाय वाचता आली असती. "काही नाही," मामा म्हणाले, आणि त्यांच्या डोक्यावरचं मणभर ओझं उतरलं.

आठवडा गेला. कोणी काही बोललं नाही. मामा इतके खुश होते की त्यांनी चौथ्या संगणकावरचा सगळा मजकूर पुसून टाकला आणि जेवणाच्या सुट्टीत शब्दकोडी सोडवायला लागले. आपण वाचलो, असं त्यांना मनापासून वाटलं. मग साहेबांनी पुन्हा बोलावलं.

"बसा मामा," साहेब म्हणाले. आजवर त्यांनी बसा म्हटलेलं नव्हतं. मामा उभेच राहिले.

साहेबांनी आपला पडदा फिरवला. त्यावर फलाट दिसत होता. "पिशवीच्या चोरीसाठी कॅमेऱ्याचं चित्रण मागवलं होतं. हा बघा, हा चोर. चांगला ओळखू येतोय. आणि हे त्याच्या डोक्यावर काय आहे, वाचा जरा."

चोराच्या डोक्यावरून साहेबांचं चालणं सरकत होतं.

"साहेब, ते चुकून..."

"अहो, बसा म्हटलं ना. मी रागावलेलो नाही. खिडकीचं वाक्य चांगलंय. तिकिटाचं मला आधी कळलं नाही, घरी मुलीनं समजावून सांगितलं." साहेबांच्या आवाजात खरोखरच राग नव्हता, आणि मामांना त्याचीच भीती वाटली. "मी हे सगळं बसून पाहिलं. सुरुवातीपासून. चोराला बाजूला ठेवलं आणि तुमची पट्टी पाहिली. मामा, माझी अख्खी दुपार या फलाटावर धिंड निघाली होती. किती माणसं गेली खालून! आणि एकानं, एकानं तरी मान वर करावी? चोरानंसुद्धा नाही. त्याला तर सगळीकडे लक्ष ठेवायचं होतं!"

साहेबांनी पडदा मामांकडे आणखी वळवला.

"मुख्य कार्यालय माझ्याकडे केव्हापासून पाहणी मागतंय, की फलक कोणी वाचतं का. कशी करायची पाहणी? लोकांना विचारलं की ते हो म्हणतात, बरं दिसतं म्हणून. तुम्ही बसल्या जागी करून दिलीत. याहून चांगली मला पैसे देऊन मिळाली नसती. मी चित्रण वर पाठवून दिलंय." ते थांबले. "हं, एक बाई आहे वर बघणारी. ही बघा, पिशवी घेऊन खांबापाशी. पण हिचीही नजर फलकाच्या बरीच वर गेलीय. कुठे बघतेय कोण जाणे. ओळखता?"

मामांनी पाहिलं. खांबापाशी त्यांची बायको उभी होती. कामावरून घरी जायची तिची गाडी तिथूनच सुटायची.

"नाही," मामा म्हणाले.

"असो. महिनाअखेरीला फलक बंद. आता मी काही अन्यायी माणूस नाही. बंद होणार अशी सूचना पट्टीवर टाका. त्यावर एक तक्रार आणून दाखवा, एकच, की फलक बंद करू नका. मी फाइल परत मागवतो. शब्द देतो."

"आणि माझं?"

"तुमचं काय? तुम्ही फलकांबरोबर," साहेब म्हणाले, आणि निर्णय घेतानाचा तो चेहरा केला.

त्या संध्याकाळी मामा घरी गेले तेव्हा बायको चादरी वाळत घालत होती. मामांनी दुसरं टोक धरलं.

"अगं, तू स्थानकात उभी असतेस ना, खांबापाशी?"

"मग? अजून कुठे उभी राहू?"

"वरचा फलक वाचतेस?"

"मी कशाला वाचू? माझी गाडी मला माहीत नाही का?"

"कधीच नाही वाचलास? इतकी वर्षं?"

"सुरुवातीला एकदा बघितला होता. काहीतरी चुकलेलं होतं त्यात." तिनं चादर झटकली. "का? आज काय झालं?"

"काही नाही. मी वर काय करतो असं तुला वाटतं?"

"असं काय विचारताय? बसता. काम करता." मग त्यांचा चेहरा बघून तिला काहीतरी भर घालावीशी वाटली असावी. "त्या फलकाच्या वर तुमच्या खोलीची खिडकी दिसते ना, तिच्यात दिवा आहे का तेवढं बघते मी. दिवा असला की तुम्ही आहात. मग मी गाडीत बसते."

मामांनी चादरीचं टोक सोडलं नाही, म्हणून ती ओढत राहिली. "सोडा की आता," ती म्हणाली.

खोली जाणार आहे हे तिला सांगायचं त्यांनी त्या दिवशी पुढे ढकललं. दुसऱ्या दिवशीही ढकललं. तक्रार आली तर सांगावंच लागणार नाही, असा त्यांचा हिशेब होता.

पट्टीवर त्यांनी सूचना टाकली. आधी खात्याच्या भाषेत. मग कोणाला कळलं नसेल म्हणून साध्या भाषेत. मग मोठ्या अक्षरांत. "हे फलक महिनाअखेरीस कायमचे बंद होत आहेत. आपली हरकत असल्यास जिना चढून वरच्या मजल्यावर यावे." जिना लोकांना अवघड वाटेल म्हणून त्यांनी "पायऱ्या थोड्याच आहेत" असंही जोडलं. एकदा बाईंना माइकवरून सांगायची विनंती केली. बाई म्हणाल्या, "मामा, मी सांगितलं तर लोकांनी मला ऐकून तक्रार केली असं होईल. तुमचा फलक वाचून नाही." हे इतकं बरोबर होतं की मामांना राग आला. पण बाईंचा आवाज आधीच ध्वनिमुद्रित करून ठेवायचं चाललंय हे त्यांना माहीत होतं, बाईंना नव्हतं. म्हणून ते गप्प बसले.

स्वतःच कोणाला तरी पढवून पाठवावं असंही त्यांच्या मनात येऊन गेलं. उपाहारगृहाच्या मालकाला ते तसं म्हणालेसुद्धा. तो म्हणाला, "येतो की! हरकत कशाची घ्यायची, ते फक्त सांगा." मामांनी फलकाकडे बोट दाखवलं. मालकानं फलकाकडे बघितलं आणि मोकळ्या मनानं म्हणाला, "अरेच्चा, हा अजून चालू आहे?"

त्यानंतर मामांनी कोणाला पढवलं नाही.

शेवटच्या दिवशी दुपार कलली आणि जिन्यावर पावलं वाजली. मामा ताठ बसले. पावलं शिपायाची नव्हती. मध्ये मध्ये थांबत, धापा टाकत कोणीतरी वर येत होतं. दारात एक म्हातारा प्रवासी उभा राहिला, हातात चप्पल. जिना पुसलेला होता म्हणून त्यानं ती काढली होती.

"तक्रार इथेच घेतात का?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मामा उठून उभे राहिले. बाईंनी पेटीतून मान बाहेर काढली.

"इथेच. या, या बाबा, बसा. पाणी देऊ?" मामांनी दाढीवाल्याची खुर्ची पुढे ओढली. "फलकाबद्दल ना?"

"फलकाबद्दलच."

"बोला. अगदी मनातलं बोला. मी लिहून घेतो." मामांनी बाण चौथ्या पडद्यावर पळवला. बोटं कीबोर्डावर ठेवली.

"तो खालचा फलक," म्हातारा म्हणाला, "बंद करा हो तेवढा."

मामांची बोटं तशीच राहिली.

"माझी गाडी संध्याकाळची आहे. जरा बाकावर आडवा झालो तर ती लाल अक्षरं डोळ्यांवर नाचतात. इकडून येतात, तिकडे जातात, इकडून येतात. डोळे मिटले तरी दिसतात. कुशीवर वळलो तर समोरच्या काचेत दिसतात. माणसानं झोपायचं कसं?"

"बाबा," मामा हळूच म्हणाले, "उद्यापासून तो बंदच होतोय."

"हो का? मग कळवायचं नाही का तसं!"

"त्यावरच लिहिलंय. महिना झाला."

"त्यावर?" म्हातारा हसला. हसताना त्याला खोकला आला, तो जिरेपर्यंत त्यानं मामांच्या खांद्याचा आधार घेतला. "अहो, त्यावरचं कोण वाचतं!"

साहेबांना हे सांगायला जाण्यात अर्थ नव्हता. तक्रार आली होती, पण ती फाइलच्या बाजूनं होती. मामांनी बाण तिसऱ्या पडद्यावर नेला. सूचनापट्टी बंद केली. मग संगणकही बंद केला. मग दुसरा. पहिल्याच्या आधी चौथा बंद करायचा म्हणून बाण उजवीकडे न्यायला गेले, तर तो पहिल्याच्याच उजव्या कडेशी येऊन अडला. मधले संगणक गेले की पलीकडे जाता येत नाही. मामांनी दोनदा ढकलून पाहिला. शेवटी उठून चौथ्या संगणकाचं बटण हातानं दाबलं. ते कुठे आहे हे शोधावं लागलं, इतक्या वर्षांत त्याला कोणाचं बोट लागलेलं नव्हतं.

"झोपा आता निवांत," ते म्हाताऱ्याला म्हणाले.

"देव भलं करो," म्हातारा म्हणाला आणि चप्पल हातात घेऊन उतरला.

मामांनी पहिलाही बंद केला. माऊस आणि कीबोर्ड कोणाच्या ताब्यात द्यायचे ते सांगितलेलं नव्हतं, म्हणून ते टेबलावरच ठेवले, जोडीनं. बाईंना "येतो" म्हणाले. बाई घोषणा करत होत्या, त्यांनी हातानं बरं म्हटलं. दाराशी मामांचा हात सवयीनं दिव्याच्या बटणावर गेला. थोडा वेळ तिथेच राहिला. मग त्यांनी तो काढून घेतला आणि दिवा तसाच ठेवून ते खाली उतरले.

खाली फलक काळे पडले होते. त्यांच्याखालून माणसं जात होती, येत होती. बाकावर म्हातारा घोरत होता. एका माणसानं मामांना हटकलं, चार नंबरचा फलाट कुठे, आणि मामांनी हात केला. आणखी एकानं विचारलं. मामांनी त्यालाही सांगितलं.

मग बायको आली. खांबापाशी थांबली, पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि मान वर केली. काळ्या फलकांवरून तिची नजर सरळ खिडकीकडे गेली. खिडकीत दिवा होता. तिनं मान खाली केली. मामा तिच्यापासून हाकेच्या अंतरावर उभे होते, पण हाक मारून काय सांगायचं ते त्यांना सुचेना. ती निर्धास्तपणे गाडीत चढली आणि खिडकीजवळची जागा धरून बसली.